आधी बूट, मग फळी

वेकस्केट म्हणजे काय, ते आधी सांगते. माझ्या भाचीनं हा शब्द पहिल्यांदा घरात उच्चारला, तेव्हा वहिनींना वाटलं, केकचाच कुठला तरी नवा प्रकार असेल. तर मैत्रिणींनो, ही खायची वस्तू नाही. साधारण साडेतीन फुटांची एक फळी असते. ती पाण्यावर ठेवायची, तिच्यावर उभं राहायचं, आणि पुढे धावणारी मोटरबोट किंवा डोक्यावरून फिरणारी तारेची केबल आपल्याला दोरीनं ओढत नेते. दोरीच्या टोकाला धरायला दांडी असते. बोटीमागे पाण्यात जी लाट उठते तिला इंग्रजीत वेक म्हणतात, आणि शहरातली मुलं चाकांच्या फळीवर उभी राहून जातात ते स्केट. दोन्ही मिळून वेकस्केट.

याचा थोरला भाऊ म्हणजे वेकबोर्ड. त्यात फळीवरच बूट बसवलेले असतात आणि पाय त्यांत घट्ट अडकवतात. वेकस्केटमध्ये पाय मोकळे. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या काही तरुणांना ते अडकवणं नकोसं झालं आणि त्यातून हा प्रकार वाढला. थॉमस हॉरेल हे त्यांतलं एक मोठं नाव. त्यानं 'कॅसेट' नावानं या फळ्या बनवल्या. पाय मोकळे असल्यामुळे तोल गेला की माणूस एकीकडे आणि फळी दुसरीकडे. गुडघा पिळवटत नाही, हा फायदा. पण फळीवर उभं असताना आपल्याला तिच्याशी धरून ठेवणारी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे बुटाचा तळवा. म्हणून भाची ज्यांना ज्यांना विचारत सुटली होती की 'कुठला बोर्ड घेऊ', त्या सगळ्यांना मी एकच म्हणत होते, 'अगं, आधी पायात काय घालणार ते ठरव.'

माझं माहेर कासारसाई. मुळशी तालुक्यात, हिंजवडीच्या पलीकडे. पूर्वी गाव सांगताना 'संत तुकाराम कारखान्याचं कासारसाई' असं सांगावं लागे, आता 'धरणाचं कासारसाई' म्हटलं की हिंजवडीतल्या कंपन्यांमधली पोरंसुद्धा ओळखतात. रविवारी त्यांच्याच गाड्यांची रांग लागते. माझी भाचीही तिथल्याच एका कंपनीत आहे. कंपनीनं तिला आठ महिन्यांसाठी अमेरिकेत ऑरलँडोला पाठवलं होतं. ऑरलँडो म्हणजे या खेळाची पंढरीच. तिथं दर शनिवारी केबलवर भाड्याची फळी घेऊन ती शिकली. परत आली ती डोक्यात तेच घेऊन. आता डिसेंबरात ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर थायलंडला जायचं, बँकॉकजवळच्या थाई वेक पार्कमध्ये चार दिवस खेळायचं आणि त्यासाठी पहिली स्वतःची फळी घ्यायची, असा बेत.

वहिनींचा ठाम नकार. 'वन्सं, तुम्हीच सांगा तिला. या पाण्यानं काय काय नेलंय ते आपण बघितलंय.'

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. धरणाकाठच्या बाईला धरणाची जी भीती असते ती शहरातून सहलीला येणाऱ्याला नसते. दर उन्हाळ्यात, दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या धरणावरून बातमी येतेच. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एकाच कुटुंबातले पाच जण लोंढ्यात वाहून गेले, त्यात लहान मुलं होती. त्यानंतर जिल्हा प्रशासनानं धबधबे आणि धरणांवर पावसाळ्यात निर्बंध घातले. हे सगळं टीव्हीवर बघितलेल्या आईला 'माझी मुलगी मोकळ्या पायांनी पाण्यावर उभी राहणार' हे ऐकून झोप लागेल कशी?

पण मला दुसरीही एक गोष्ट दिसत होती. आमच्या घरातले सगळे पुरुष पोहतात. माझा भाऊ सात वर्षांचा असताना त्याच्या पाठीला पांगाऱ्याचं लाकूड बांधून काकांनी त्याला विहिरीत सोडला होता. आठ दिवसांत तो मुटके मारायला लागला. मी आणि माझ्या चुलतबहिणी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचो. आम्हाला कुणी नाही म्हणालं नव्हतं, कारण आम्ही विचारायचं असतं हेच कुणाच्या मनात आलं नव्हतं. पाणी उशाशी आणि घरातल्या एकाही बाईला पोहता येत नाही, अशी आमची तीन पिढ्यांची कथा. भाची चौथ्या पिढीतली. अमेरिकेला जायच्या आधी दोन उन्हाळे ती महापालिकेच्या जलतरण तलावावर बायकांच्या बॅचला जात होती. पोहता येत होतं म्हणूनच तिनं दोरी हातात धरली.

वहिनींना मी एवढंच म्हटलं, 'वहिनी, ती कशी जाते ते आपण नीट बघू. मग नाही म्हणायचं तर म्हणा.'

तर आता बुटांकडे येते.

भाची पहिल्यांदा घेऊन आली ते धावायचे महागडे बूट. जाड, उशीसारखा तळवा, खाली खोल खाचा. रस्त्यावर उत्तम, पण फळीवर निरुपयोगी. तळवा जाड असला की पायाखाली फळी कुठे कलतेय ते कळतच नाही, आणि खाचा असल्या की रबराचा फळीला टेकणारा भाग निम्म्यावर येतो. शिवाय तो सगळा फोम पाणी पितो आणि पाय दगडासारखे जड होतात. चामड्याचे बूट तर विचारूच नका. भिजले की जड, वाळले की कडक आणि आकसलेले. सँडल आणि क्लॉग पहिल्याच पडण्यात पायातून निघून पाण्यावर तरंगायला लागतात.

हवा असतो तो सपाट, पातळ, मऊ रबराच्या तळव्याचा आणि वरून कापडाचा बूट. ऐकताना ओळखीचं वाटलं ना? आपल्या शाळेतले पीटीचे पांढरे बूट! परदेशातसुद्धा बहुतेक जण स्केटबोर्डचे जुने कॅनव्हासचे बूटच यासाठी वापरतात. काही कंपन्यांनी पाणी निथळायला भोकं ठेवलेले खास बूट काढले, पण पहिल्या बुटासाठी तेवढा खर्च करायची गरज मला तरी वाटत नाही. फक्त पीटीचे बूट घेतानाही एक बघायचं. काहींचा तळवा स्वस्त आणि टणक असतो. अंगठ्यानं दाबून बघा, दबला पाहिजे. बोटांपाशी हातानं वाकवून बघा, वाकला पाहिजे.

आम्ही घरी एक प्रयोगही केला. हार्डवेअरच्या दुकानातून सुताराचा ८० नंबरचा पॉलिश पेपर आणला आणि एका जुन्या पाटावर चिकटवला. वेकस्केटच्या वरच्या बाजूला असाच खरखरीत कागद असतो, त्याला ग्रिप टेप म्हणतात. पाट ओला केला, त्याची एक बाजू विटेवर टेकवून तिरका ठेवला आणि भाची भिंतीला हात लावून एकेका बुटानं त्यावर उभी राहिली. धावायचे बूट सरकले. पीटीचे चिकटून बसले. वहिनी चहाचा कप हातात घेऊन सगळं बघत होत्या. म्हणाल्या, 'चारशे रुपयांचे बूट जिंकले होय!' त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या आवाजात राग नव्हता.

मापाचं एक सांगते. कापड भिजलं की सैल होतं. म्हणून दुकानात कोरड्या पायाला जे जरा घट्ट बसतात तेच घ्यायचे. बोटं दुमडायला नकोत, पण टाच उचलली तर बूट तिच्याबरोबरच उचलला गेला पाहिजे. मोजे घालायचेच तर अगदी पातळ. नाडीची दुहेरी गाठ मारून टोकं आत खोचायची, लोंबती नाडी फळीखाली किंवा दोरीत अडकते. वेल्क्रो पाण्यात फार दिवस टिकत नाही. खेळून झालं की बूट गोड्या पाण्यानं धुवायचे, आत वर्तमानपत्राचे बोळे भरायचे आणि सावलीत वाळवायचे. आपण बायका सवयीनं सगळं कडक उन्हात टाकतो. उन्हानं बुटाचा गोंद सुटतो आणि रबर टणक होतं, मग तो बूट पुन्हा घसरायला लागतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं करण्यापेक्षा अनवाणीच का नाही? करतात काही जण. काही फळ्यांवर ग्रिप टेपऐवजी मऊ फोमचा थर असतो, त्यावर अनवाणी उभं राहता येतं. ग्रिप टेपवर मात्र अनवाणी पायाची आणि पडताना गुडघ्याची सालटी निघतात. आमच्या धरणाच्या काठाचं तर वेगळंच कारण आहे. रविवारच्या पाहुण्यांनी फोडलेल्या बाटल्यांच्या काचा. लहानपणी आम्ही जिथं अनवाणी म्हशी धुवायला जायचो, तिथं आता चपलेशिवाय पाऊल टाकवत नाही.

आता फळी. यात भाचीला दोन प्रकारचे सल्ले मिळाले आणि दोन्ही तिच्या कामाचे नव्हते. ऑफिसातला एक मित्र म्हणाला, 'माझ्यासारखी ४५ इंची घे.' त्याचं वजन ८० किलो. दुसरीकडे विक्रीच्या ठिकाणी 'महिलांसाठी' असं शोधलं की गुलाबी आणि लहानातली लहान फळी पुढे येते. फळीला बाई-पुरुष कळत नाही, तिला वजन कळतं. फळ्या साधारण ४० ते ४५ इंचांच्या असतात. मोठी फळी पाण्यावर चांगली तरते, कमी वेगात उभं करते, चुकांना माफ करते. लहान फळी हलकी, उड्या आणि गिरक्या घ्यायला सोपी, पण नवशिकीला ती पायाखाली सापडतच नाही. भाचीचं वजन ५४ किलो. तिच्या वजनाला ४१ चालली असती, पण पहिलीच फळी म्हणून तिनं एक इंच वर जाऊन ४२ इंचांची निवडली. मला ते पटलं. मुलांचे कपडे आपण वाढत्या अंगाचे घेतो, तसंच काहीसं.

लाकूड की फायबर, हा पुढचा प्रश्न. लाकडी फळी मेपलच्या पातळ थरांची, दाबून चिकटवलेली असते. स्वस्त आणि पायाला छान लागते. पण कडेला टवका उडाला की पाणी आत शिरतं आणि पापुद्रे सुटायला लागतात, अगदी स्वयंपाकघरातल्या सिंकखालच्या प्लायवूडसारखे. फायबरग्लासची फळी महाग, पण टिकते. वर्षातून चार-आठ दिवस वापरणारीला लाकडी पुरते, फक्त प्रत्येक वेळी पुसून, आडवी न टाकता उभी ठेवायची आणि टवका दिसला की लगेच वॉटरप्रूफ वॉर्निशचा हात मारायचा. परदेशात या फळ्या साधारण दीडशे ते तीनशे डॉलरच्या घरात मिळतात. त्यावर कुरिअर आणि कस्टम धरलं की आकडा चांगलाच फुगतो. म्हणून कुणी विचारलं तर मी सांगेन, पहिले काही दिवस भाड्याचीच वापरा. खेळ आपल्याला झेपतो की नाही ते भाड्याच्या फळीवरही कळतं. भाचीनं आठ महिने तेच केलं होतं.

फळीच्या कडा किंचित वर उचललेल्या असतात, परातीच्या काठासारख्या. त्यामुळे खाली न बघता पायाला कळतं की कड कुठे आहे. नवशिकीला हलकीशी उचललेली कड बरी, फार खोलगट नको. खालच्या बाजूला छोटे पंख असतात, ते फळीला सरळ रेषेत ठेवतात. ते काढता येतात, पण सुरुवातीला राहू द्यावेत. दुमजली फळीही मिळते, एकावर एक दोन थर असलेली. दिसते फार ऐटबाज. पहिल्या खरेदीत तिच्याकडे बघूसुद्धा नये.

एक गंमत मध्येच सांगते. फिलिपिन्समध्ये बनावे नावाच्या भागात डोंगरउतारावर भाताच्या पायऱ्या-पायऱ्यांची जुनी खाचरं आहेत. त्या भागातली खाचरं १९९५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. तिथल्या खाचरांतल्या पाण्यावर ब्रायन ग्रब आणि डॉमिनिक प्राइसनर हे दोन वेकस्केटवाले एका खाचरातून खालच्या खाचरात उड्या घेत गेले. बोट तिथं चालणारच नाही, म्हणून मोटारीवर गुंडाळल्या जाणाऱ्या दोरीनं त्यांना ओढलं. भाचीनं ती फिल्म आम्हाला दाखवली. मुळशी-मावळातली कुठलीही बाई ती बघून काय म्हणेल? वहिनी पटकन म्हणाल्या, 'बूट घालून खाचरात?' आवणीच्या दिवसांत बांधावर चपला काढून ठेवल्याशिवाय आमच्याकडे कुणी चिखलात पाय घालत नाही. मग दोनदा परत लावायला सांगून त्यांनी ती पूर्ण बघितली. तिसऱ्यांदा म्हणाल्या, 'पण पाणी घोट्याएवढंच दिसतंय गं.' मला वाटतं, पाणी म्हणजे फक्त बुडणं नव्हे, हे त्यांना तिथं कुठेतरी दिसलं.

आता ज्यावर आईनं हट्ट धरलाच पाहिजे अशा गोष्टी. लाइफ जॅकेट. बाजारात दोन प्रकार मिळतात आणि दिसायला सारखे असतात. एक फक्त पडताना छातीला मार लागू नये म्हणून असतं, ते माणसाला पाण्यावर उचलून धरेलच असं नाही. दुसरं खरं तरंगवणारं. नवशिकीनं तरंगवणारंच घालायचं, पोहता येत असलं तरी. घातल्यावर दुसऱ्या कुणाला तरी ते खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर सरकलं तर ते मापाचं नाही. केबलवर खेळताना डोक्यात हेल्मेट हवं. आणि पडताना फळी पायानं दूर ढकलायची, नाहीतर तीच उसळून नडगीवर बसते. भाचीच्या नडगीवर त्याचे तीन वण आहेत. वेग ताशी २५ ते ३० किलोमीटर असतो, म्हणजे गावातल्या स्कूटीएवढा. पाणी मऊ असतं हा गैरसमज पहिल्या पडण्यात जातो.

कपड्यांचं म्हणाल, तर यासाठी पोहण्याचा तोकडा पोशाखच लागतो असं अजिबात नाही. लांब बाह्यांचा लायक्राचा घट्ट टी-शर्ट आणि घोट्यापर्यंतची लेगिंग, एवढं पुरतं. ऊन लागत नाही, कोपर-गुडघे सोलवटत नाहीत, आणि 'लोक काय म्हणतील' हा प्रश्नही निम्मा होतो. ओढणी मात्र काठावरसुद्धा नको, दोरीत अडकली तर गळ्याशी येते.

खरं भांडण झालं ते जोडव्यांवरून. भाचीचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालंय. भिजल्यावर पाय थोडे फुगतात, घट्ट बुटात जोडवी बोटाला कापतात, दांडी धरताना अंगठी आणि बांगड्या तसंच करतात. तिनं जोडवी काढून डबीत ठेवली, आणि वहिनींचा पारा चढला. फळी, बूट, थायलंड सगळं एका बाजूला राहिलं. 'सवाष्ण बाईनं पायातली जोडवी काढायची?' इथं मी काही बोलले नाही. बोलली ती भाचीची सासू, फोनवर. त्या हडपसरच्या, नर्स म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. म्हणाल्या, 'विहीणबाई, ऑपरेशन थिएटरात मीसुद्धा तीस वर्षं काढूनच जात होते. माझा संसार नीट झाला ना?' विषय तिथं संपला.

कासारसाईला आलं की सगळे विचारतात, थायलंड कशाला, एवढं धरण समोर असताना इथंच का नाही? उत्तर साधं आहे. पाणी असलं म्हणजे खेळायची जागा झाली असं नाही. धरणाचं पाणी शेतीसाठी सोडतात तशी त्याची पातळी वर-खाली होते, काल खोल होतं तिथं आज बुडालेला बांध किंवा झाडाचा बुंधा हातभर खाली असू शकतो. परवानगी हवी, बोट चालवणारा प्रशिक्षित हवा, बोटीत मागे तोंड करून पडणाऱ्याकडेच लक्ष ठेवणारा दुसरा माणूस हवा, आणि जीवरक्षक हवा. हे सगळं जिथं असेल तिथं जरूर जावं, मग ते गाव कुठलंही असो. मित्राची बोट आणि बाजारातली दोरी एवढ्या भांडवलावर कुणी बोलावलं, तर आपल्या मुलीला पाठवू नका, आणि मुलालाही.

फळी परवा आली. ४२ इंची, लाकडी, वर फोम. माझं मत ग्रिप टेपकडे होतं, कारण बूट त्यावर जास्त धरतो. पण भाचीला गुडघे प्रिय आहेत. आम्ही तिरक्या फळीची परीक्षा पुन्हा घेतली, ओल्या फोमवरही पीटीचे बूट पास झाले. सध्या ती फळी माजघरात धान्याच्या कणगीशेजारी उभी आहे आणि बूट ओसरीवर सावलीत. येता-जाता वहिनी तिच्यावर पदराचं टोक फिरवून धूळ पुसतात.

काल त्यांचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, 'वन्सं, ती महापालिकेच्या तलावावर बायकांची बॅच असते ना, ती सकाळची की दुपारची हो? आणि पन्नाशीनंतर घेतात का?' मी चौकशी केली. दुपारची आहे, आणि घेतात. आता त्यांच्या मापाचा लांब बाह्यांचा पोशाख कुठे मिळतो, ते मी शोधतेय. तळेगावात दोन दुकानं बघून झाली, डबल एक्सेलच्या पुढे त्यांच्याकडे माप नाही.